पूर्णविरामाची घाई

वाचकाचे पत्र, ओळख पुसून आणि संक्षेपाने:

‘मी ४९ वर्षांचा असून पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. १९९८ साली सोलापुरात बी.एस्सी. झालो, कोबोल या संगणकभाषेचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि वाय-टू-केच्या, म्हणजे सन २००० साठी संगणकांतील तारखा दुरुस्त करण्याच्या, लाटेवर या क्षेत्रात आलो. तेव्हापासून, मधली तीन वर्षे सोडली तर, एकाच अमेरिकी विमा कंपनीच्या दाव्यांच्या प्रणालीवर काम करत आहे. आता क्लायंटने ही सगळी प्रणाली दीड वर्षात जावा या दुसऱ्या संगणकभाषेत नेण्याचे ठरवले आहे. भाषांतराचे बरेचसे काम एआयचे साधन करणार असून, कोडमागचे व्यवसायाचे नियम लिहून काढण्यासाठी दोन तरुण अभियंत्यांना माझ्या शेजारी बसवले आहे. एक जुना सहकारी म्हणतो, “अर्धेच सांग, बाकीचे पोटात ठेव, तेवढीच नोकरी टिकेल.” मुलगी बारावीत आहे, घराच्या कर्जाचे सात वर्षांचे हप्ते बाकी आहेत. टीममधील मुले मला गमतीने डायनासोर म्हणतात. मेलेल्या भाषेत आयुष्य घालवले, असे आता वाटू लागले आहे. मी सगळे सांगावे की राखून ठेवावे? आणि या वयात जावा शिकण्यात काही अर्थ आहे का?’

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, पण त्यांच्या अलीकडे, जवळजवळ ओझरते, एक वाक्य लिहून गेला आहात: मेलेल्या भाषेत आयुष्य घालवले. तुमचे दोन्ही प्रश्न या वाक्यावर उभे आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

कोबोलच्या मरणाची वार्ता तिच्या जन्माइतकीच जुनी आहे. मे १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटॅगॉनमध्ये एक बैठक भरली. त्या खात्याकडे तेव्हा २२५ संगणक चालू होते, आणखी १७५ मागवलेले होते, आणि प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी असल्यामुळे यंत्र बदलले की सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागत. व्यवसायाच्या कामांसाठी सर्व यंत्रांवर चालेल अशी एक सामाईक भाषा हवी, हा आग्रह बरोज या संगणक कंपनीतील मेरी हॉज यांनी त्याआधीच धरला होता. बैठकीतून ज्या समित्या निघाल्या, त्यांपैकी ‘अल्पकालीन’ समितीकडे केवळ तात्पुरती सोय करण्याचे काम होते. टिकाऊ भाषा पुढे दुसऱ्या कोणी तरी करायची होती. समितीतील कुरबुरींना वैतागून हॉवर्ड ब्रॉमबर्ग या सदस्याने थडग्याचा एक दगड विकत घेतला, त्यावर ‘कोबोल’ अशी अक्षरे कोरून घेतली आणि तो पेंटॅगॉनमधील चार्ल्स फिलिप्स यांच्याकडे पाठवून दिला. भाषेचा मसुदाही तेव्हा पुरा झालेला नव्हता. तो दगड आज कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात ठेवलेला आहे. आपल्याकडे पावसाळ्यापुरती म्हणून घातलेली पत्र्याची शेड तीस-तीस वर्षे उभी राहते आणि पुढे तिच्यावरच मजला चढतो, तसे त्या तात्पुरत्या सोयीचे झाले.

भाषा जगली एवढे म्हणून भागणार नाही, कारण तुमची तक्रार ती जुनाट राहिल्याची आहे. म्हणून तिच्यात काय काय बदलले, हे थोडे तपशिलाने पाहू. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेतून कोबोलने एक गोष्ट उचलली होती: आज्ञा साध्या इंग्रजी वाक्यांसारख्या असाव्यात, म्हणजे हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्या वाचता येतील. विद्यापीठांतील मंडळींना हा पाल्हाळ कधीच रुचला नाही. १९७५ साली संगणकशास्त्रज्ञ एडस्खर डाइक्स्ट्रा यांनी तर कोबोलने बुद्धी पंगू होते आणि ती शिकवणे हा गुन्हा मानला पाहिजे, असे लिहून ठेवले. तुमच्या टीममधील मुलांची थट्टा त्या मानाने बरीच सौम्य म्हणायची. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक या कंपन्यांच्या दोन निराळ्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला, ते भाषेचे पहिले मोठे यश होते. तरीही यंत्रागणिक तिच्या पोटभाषा निघाल्याच. १९७४ च्या सुमारास मुंबईत टीसीएसने बरोजसाठी जे सुरुवातीचे निर्यातीचे काम केले, ते रुग्णालयाची एक प्रणाली बरोजच्याच एका यंत्राच्या कोबोलमधून दुसऱ्या यंत्राच्या कोबोलमध्ये नेण्याचे होते. आपल्या सॉफ्टवेअर निर्यातीची सुरुवातच अशी एका स्थलांतरातून झाली, हे तुम्हाला आज विशेष जवळचे वाटेल.

पुढे भाषेचे अधिकृत नियम ठरवणारी १९६८, १९७४ आणि १९८५ ची प्रमाणके आली. यांतील १९८५ च्या प्रमाणकाचे मोल मला पुस्तकातून कळलेले नाही. त्याआधीच्या काळात मी मुंबईतील एका मोठ्या कार्यालयाच्या ईडीपी, म्हणजे संगणक, विभागात पगारपत्रकांचे प्रोग्रॅम लिहीत असे. त्या काळच्या कोबोलमध्ये ‘जर अमुक असेल तर’ ही अट कोठे संपते, ते केवळ पूर्णविरामाने ठरत असे. मला लिहायचे होते ते मराठीत सांगायचे तर असे: कर्मचाऱ्यावर सोसायटीचे कर्ज असेल, तर हप्ता काढ, पगारातून हप्ता वजा कर, पूर्णविराम. माझ्या हातून ‘हप्ता काढ’ या शब्दांनंतरच एक पूर्णविराम पडला. अट तिथेच संपली आणि ‘पगारातून हप्ता वजा कर’ ही आज्ञा सर्वांना लागू झाली. कर्ज नसलेल्यांसाठी नवा हप्ता काढला जात नव्हता, त्यामुळे आधीच्या कर्मचाऱ्याचा जो आकडा रकान्यात उरलेला असे, तोच पुढच्याच्या माथी बसला. यादीत एका कर्जदाराच्या मागोमाग नाव असलेले एक शिपाई पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, मी सोसायटीचा मेंबरसुद्धा नाही.” तो ठिपका शोधण्यात माझे दोन दिवस गेले, कारण छापील यादीवर तो शाईचा डाग वाटत होता. १९८५ च्या प्रमाणकाने अटीचा शेवट स्पष्ट शब्दांत लिहिण्याची सोय केली, ‘एंड-इफ’ आला, आणि आमच्यासारख्यांची त्या ठिपक्याच्या जुलमातून सुटका झाली. धावत्या प्रोग्रॅममध्ये उडीचे ठिकाण गुपचूप बदलणारी ‘आल्टर’ ही आज्ञा याच प्रमाणकात कालबाह्य ठरवली गेली आणि पुढच्या प्रमाणकात तिची हकालपट्टी झाली.

ते पुढचे प्रमाणक २००२ चे. त्यात ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ प्रोग्रॅमिंग, म्हणजे माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधण्याची पद्धत, आले, आणि पंचकार्डाच्या ८० रकान्यांची ती शिस्त, म्हणजे पहिले सहा अनुक्रमांकासाठी, सातवा खुणेसाठी, आज्ञा बाराव्यापासून पुढे आणि ७२ च्या पलीकडे काही नाही, तीही सक्तीची राहिली नाही. त्यानंतर २०१४ चे प्रमाणक आले आणि २०२३ चेही आले. आयबीएमच्या कंपायलरने, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाने, यातले सगळे घेतलेले नाही, पण तोही जागच्या जागी बसलेला नाही: २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत त्याचा यंत्रभाषा तयार करणारा भाग नव्याने बांधला गेला, आणि गंमत अशी की त्यासाठी जे तंत्रज्ञान वापरले, ते त्यांच्या जावाच्या कंपायलरमध्येही होते. सहाव्या आवृत्तीत जेसन, म्हणजे ॲप्स ज्या स्वरूपात माहितीची देवाणघेवाण करतात ते, तयार करण्याची आणि वाचण्याची आज्ञा भाषेतच आली. तुमचा प्रोग्रॅम मोबाइल ॲपशी थेट त्याच्या स्वरूपात बोलू शकतो, तोही दुसऱ्या भाषेची मध्यस्थी न घेता.

आता थोडे स्पष्ट लिहिते, राग मानू नये. या सगळ्यापैकी तुम्ही रोज काय वापरता? तुमच्या पत्राच्या सुरावरून माझा अंदाज असा की तुमच्या कामातील कोबोल १९८५ च्या आसपास थांबलेली आहे. त्यात दोष एकट्या तुमचा नाही. चालत्या गाड्याला खीळ नको म्हणून क्लायंट काही बदलू देत नाही, कंपनी प्रशिक्षणावर खर्च करत नाही, आणि वीस वर्षे तोच साचा गिरवला की तो साचा म्हणजेच भाषा असे वाटू लागते. तरीही भाषा थांबली आणि आपण तिच्यासोबत अडकलो, ही मांडणी वस्तुस्थितीला धरून नाही. भाषा पुढे गेली. तुमच्या कामाच्या ठिकाणी तिला जुन्या कपड्यांत ठेवले गेले. हा फरक मी उगाच उगाळत नाही. मेलेल्या भाषेतील माणसाला करण्यासारखे काही उरत नाही, पण मागे राहिलेल्या माणसाला बरेच काही करता येते.

दुसरे गृहीतक याहून खोल आहे. तुम्ही असे धरून चालला आहात की तुमच्याजवळची ठेव म्हणजे कोबोल. शेजारी बसलेली ती दोन मुले हुशार असतील, तर वाचण्यापुरती कोबोल त्यांना तीन महिन्यांत येईल. तुमची ठेव निराळी आहे, आणि ती तुम्हाला इतकी अंगवळणी पडली आहे की तुमचे तिच्याकडे लक्षही जात नसावे.

एक उदाहरण घेऊ. दहा हजार डॉलरची रक्कम बारा हप्त्यांत द्यायची आहे. भागाकार ८३३.३३३ असा लांबत जातो. कोबोलमध्ये रकाना दोन दशांश स्थळांचा असेल आणि ‘राउंडेड’ हा शब्द लिहिलेला नसेल, तर पुढचे अंक सरळ छाटले जातात आणि हप्ता ८३३.३३ होतो. बारा हप्त्यांचे ९,९९९.९६ होतात. चार सेंट उरले. ते शेवटच्या हप्त्यात मिळवायचे, पहिल्यात मिळवायचे की फरकाच्या खात्यात टाकायचे, हे कोणी तरी कधी तरी ठरवलेले असते. कदाचित एखाद्या राज्याच्या नियमामुळे, कदाचित एखाद्या लेखापरीक्षकाच्या शेऱ्यामुळे. कोडमध्ये त्याची एक ओळ दिसते. तिचे कारण कोडमध्ये नसते. भाषांतर करणारे साधन ती ओळ जावामध्ये आणेल, कदाचित अचूक आणेल, पण ती ओळ आजही लागू आहे की १९९१ नंतर निरर्थक झाली आहे, हे साधनाला कोण सांगणार?

त्याहून बारीक गोष्ट साठवणीची. १२३४.५६ ही रक्कम सात अंकी, चिन्ह असलेल्या पॅक्ड रकान्यात, म्हणजे एका बाइटात दोन अंक दाबून बसवणाऱ्या रकान्यात, चार बाइटांत बसते: ०१, २३, ४५ आणि ६सी. शेवटच्या अर्ध्या बाइटातील ‘सी’ म्हणजे धन, तिथे ‘डी’ असेल तर ऋण. अशा रकान्यात कोणी अंकांऐवजी कोऱ्या जागा भरून ठेवल्या आणि प्रोग्रॅमने त्यावर बेरीज करायला घेतली, की पहाटे तीन वाजता फोन वाजतो: सॉक सेव्हन (अंकांच्या जागी कचरा सापडल्याची चूक), बॅच, म्हणजे रात्री एकगठ्ठा चालणारे काम, पडली. तुम्हाला हे मी शिकवण्याची गरज नाही. अशा किती पहाटे तुम्ही काढल्या असतील. पण कोणत्या फाइलमधील कोणत्या वर्षापूर्वीच्या नोंदींत असा कचरा आहे, आणि तो येऊ नये म्हणून कोणत्या प्रोग्रॅममध्ये आडबाजूला कोणती तपासणी घातलेली आहे, हे तुमच्या डोक्यात आहे. आयबीएमचा पाचव्या आवृत्तीचा कंपायलर आला, तेव्हा कित्येक ठिकाणी हाच अनुभव आला: अंकांच्या रकान्यांत कचरा असूनही जुन्या कंपायलरखाली जे प्रोग्रॅम कसेबसे बरोबर उत्तर देत होते, ते नव्याखाली वेगळे उत्तर देऊ लागले. तिथे तर कोबोलमधून कोबोलमध्येच जायचे होते. जावामध्ये जाताना काय होईल, याची कल्पना तुमच्या व्यवस्थापकापेक्षा तुम्हाला अधिक असणार.

मग सगळे सांगावे की राखून ठेवावे?

तुमच्या सहकाऱ्याला मी वाईट म्हणणार नाही. ज्या व्यवसायात केटी, म्हणजे ज्ञान दुसऱ्याला सोपवण्याचे काम, संपली की माणसाचे अलोकेशन, म्हणजे प्रकल्पावरची नेमणूक, संपते, तिथे असा सल्ला भीतीपोटी दिला जातो आणि ती भीती निराधार नाही. पण त्याचा हिशेब चुकलेला आहे. कोड क्लायंटकडे आहे. नियम ‘काय’ आहे, हे साधन आज ना उद्या कोडमधून काढणारच. आयबीएमने स्वतःच कोबोलवरून जावा तयार करण्याचे एआय साधन २०२३ साली जाहीर केले, आणि आता अशी साधने बरीच झाली आहेत. राखून ठेवण्यासारखे तुमच्याजवळ उरते ते ‘का’ एवढेच, आणि ते राखून ठेवले तर कोणाला दिसतच नाही. जे दिसत नाही त्याची किंमत कोणी लावत नाही. अर्धे सांगणाऱ्या माणसाविषयी कंपनीचे मत एवढेच होते की याला अर्धेच येते. शिवाय न सांगितलेल्या अर्ध्यामुळे पुढे जो घोळ होईल, तो त्या दोन मुलांच्या नावावर जमा होईल, आणि त्या विमा कंपनीच्या एखाद्या दावेदाराचा धनादेश अडकेल. आयुष्याची बावीस-तेवीस वर्षे ज्यांचे दावे वेळेवर निघावेत म्हणून तुम्ही रात्री जागवल्या, त्यांच्याशी असे वागणे तुम्हाला स्वतःलाच मानवणार नाही, असे तुमचे पत्र वाचून वाटते. मानवणार असते, तर तुम्ही हे पत्र लिहिलेच नसते.

त्याच वेळी, सगळे सांगून हात जोडून वाट पाहत बसा, असेही मी म्हणणार नाही. सांगण्याला जागा मागा. स्थलांतराच्या प्रकल्पातील सर्वांत नाजूक काम भाषांतराचे नसते. जुनी आणि नवी प्रणाली काही काळ शेजारी-शेजारी चालवून दोन्हींचे आकडे जुळवण्याचे असते. दररोजची बॅच जुळणे सोपे असते. महिनाअखेर, तिमाहीअखेर, वर्षअखेर आणि २९ फेब्रुवारी इथे गाठी बसतात. या जुळवणीची जबाबदारी, म्हणजे कोणते प्रसंग तपासायचे ते ठरवणे, फरक आला तर त्याचा उगम शोधणे आणि ‘जुळले’ म्हणून सही करणे, तुमच्याकडे द्यावी, असे व्यवस्थापकाला ईमेलने लिहा. तोंडी बोलू नका. सोबत तुम्हाला ठाऊक असलेले असे पंधरा-वीस प्रसंग द्या, जे केवळ कोड वाचून सुचणार नाहीत. ते वाचून कोणाही शहाण्या व्यवस्थापकाच्या पोटात गोळा यावा, आणि तो आला पाहिजे. त्याच ईमेलमध्ये तीन गोष्टी विचारा: दीड वर्षाची मुदत लांबली तर जुन्या प्रणालीची देखभाल कोण करणार, त्या काळात नियम बदलले तर ते दोन्हीकडे कोण घालणार, आणि प्रकल्प संपल्यावर तुमची भूमिका काय असेल. तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आले, तर तेही एक उत्तरच समजा आणि बाहेर चौकशी सुरू करा.

मुदतीविषयी एवढेच सांगते की अशा कामांचा इतिहास फारसा आज्ञाधारक नाही. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेने आपली मूळ बँकिंग प्रणाली बदलली, तेव्हा त्या कामाला पाच वर्षे आणि शंभर कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर लागले, आणि ते उदाहरण यशस्वी म्हणून सांगितले जाते. दुसरीकडे, एप्रिल २०२० मध्ये बेकारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. प्रणाली वेळेत न बदलण्याचीही किंमत असते, म्हणून तुमच्या क्लायंटचा निर्णय मुळातच मूर्खपणाचा आहे, असा दिलासा मी तुम्हाला देणार नाही. कदाचित तो योग्य असेल. कदाचित तो दीड वर्षात पुराही होईल. तुमचे नियोजन दोन्ही शक्यता धरूनच व्हायला हवे.

जावा शिकावी का? शिकावी, पण कशासाठी हे ठरवून. चोवीस वर्षांच्या मुलाशी जावाच्या मुलाखतीत झुंजण्यासाठी शिकू नका. ती लढाई तुमची नाही. वाचता येईल इतकी शिका. भाषांतरित कोडला या धंद्यात थट्टेने ‘जोबोल’ म्हणतात: अक्षरे जावाची आणि चालण्याची ढब कोबोलची. असे कोड कोबोलवाल्याला उघडून पाहता येत नाही आणि जावावाल्याला ते उमगत नाही. दोन्हीकडून ते वाचू शकणारा माणूस प्रत्येक स्थलांतराच्या प्रकल्पाला लागतो, आणि तुमच्या क्लायंटसारखे क्लायंट जगात एकटेदुकटे नाहीत. रोज तासभर दिला तर चार-पाच महिन्यांत एवढे जमेल. दशांश रकमा जावामध्ये कशा सांभाळतात, तिथूनच सुरुवात करा, कारण तिथे तुम्ही पहिल्या दिवसापासून शिक्षकापेक्षा चांगले प्रश्न विचाराल. त्याचबरोबर घरच्या लॅपटॉपवर ग्नू-कोबोल हा कोबोलचा कंपायलर उतरवून घ्या. तो फुकट आहे आणि साध्या विंडोज किंवा लिनक्सवर चालतो. त्यावर रकान्यांची शिस्त सोडून, मुक्त मांडणीत, एखादा छोटा प्रोग्रॅम लिहून पाहा. आपल्याच भाषेत आपण किती वर्षे एकाच खोलीत राहिलो, हे त्या एका संध्याकाळी कळेल.

पैशाची बाजू थोडक्यात सांगते, कारण ती तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. नोकरी हातात असतानाच वर्षभराच्या हप्त्यांइतकी रक्कम बाजूला काढा, आणि कुटुंबाचा आरोग्य विमा कंपनीच्या सामूहिक विम्यावर सोडू नका, स्वतःचा वेगळा आत्ताच घ्या. पन्नाशीनंतर तो महाग पडतो आणि प्रश्नही अधिक विचारले जातात.

याच विषयावर उलट्या बाजूचीही पत्रे येतात. कॉलेजात जावा शिकून आलेल्या आणि पहिल्याच अलोकेशनमध्ये मेनफ्रेमवर, म्हणजे कोबोल चालवणाऱ्या मोठ्या मध्यवर्ती संगणकांच्या कामावर, टाकल्या गेलेल्या मुला-मुलींना वाटते की आपल्याला अडगळीत ढकलले. त्यांनी ही दोन पाने वाचली असतील, तर त्यांना एवढेच सांगते की प्रश्न भाषेचा कमी आणि कामाचा अधिक आहे. बँक किंवा विमा प्रत्यक्ष कसा चालतो, हे कळणारे काम मिळत असेल, तर दोन वर्षे जरूर काढावीत आणि सोबत नवी भाषा हातची सुटू देऊ नये. केवळ रात्रपाळीला बसून पडलेली बॅच पुन्हा सुरू करायची, एवढेच काम मिळत असेल, तर सहा महिन्यांतच दुसरे मागावे. शेजारी डायनासोर बसलेला असेल, तर त्याला रोज एक प्रश्न विचारावा.

आता तुमच्यासाठी एक काम, जे कोणत्याही वाटाघाटीची वाट न पाहता उद्याच हाती घ्यावे. तुम्ही या क्षेत्रात आलात तेव्हा वर्षाचे चार अंक ठेवायला जुन्या फाइलींत जागा नव्हती, आणि वेळही नव्हता. म्हणून कित्येक ठिकाणी रकाना दोन अंकीच ठेवून ‘खिडकी’ लावली गेली: अमुक आकड्याच्या खालचे वर्ष असेल तर २० लाव, तो आकडा किंवा त्याच्या वरचे असेल तर १९. कोणी तो आकडा ५० धरला, कोणी ४०, कोणी ३०. ज्याने ३० धरला, त्याच्या प्रोग्रॅमला २०३० साल १९३० वाटणार आहे. भाषांतर करणारे साधन तो आकडा इमानेइतबारे जावामध्ये नेऊन ठेवेल आणि नव्या कोऱ्या प्रणालीत जुने घड्याळ टिकटिकत राहील. तुमच्या प्रणालीत अशा खिडक्या असतील, तर त्यांतल्या काही १९९९ मध्ये तुमच्याच हातांनी लावलेल्या असणार. त्या दोन मुलांना शेजारी बसवा, वही उघडा आणि पहिले पान या खिडक्यांचे करा: प्रोग्रॅमचे नाव, धरलेला आकडा, तो कोणत्या तारखेला लागू होतो आणि तेव्हा तोच का निवडला होता. शेवटचा रकाना भरताना तुम्हाला आठवायला वेळ लागेल. मुले तोवर थांबतील.